तालमीच्या मातीतलं विलायती विष

पुण्याचा माणूस कोल्हापूरला निघाला की घरच्यांना त्याच्या पोटाची काळजी लागते. माझ्या आईनं मेतकुटाची बरणी आणि लोणकढ्या तुपाचा डबा बांधून दिला आणि तिकडचं तिखट कसं असतं याची इतकी वर्णनं केली की मी लढाईवर निघालो आहे असं शेजाऱ्यांना वाटलं. परत येऊन मला आता पंधरवडा होतोय. मेतकुटाची बरणी तशीच्या तशी परत आली. तिखटाचं म्हणाल तर ते अंगी लागलं. पण पुण्यात मला जो तो विचारतो तो दसऱ्याच्या हत्तीघोड्यांबद्दल, आणि मला सांगायचंय वेगळंच.

मी दाक्तर आहे. कातडीच्या रोगांचा माझा विशेष अभ्यास, आणि मूर्खपणाचा विशेष तिटकारा. धंद्यात या दोन्हींचा संबंध रोज येतो. माझा शाळासोबती बापूराव कोल्हापूरला संस्थानच्या शाळेत मास्तर आहे. बी.ए. झालेला, टापटिपीचा माणूस. त्यानं कळवलं, दसरा बघायला ये, आणि येताना तुझी औषधांची पेटी आण. पेटी कशाला, ते लिहिलं नव्हतं.

मिरजेला गाडी बदलली. डब्यात गडहिंग्लजचे एक लिंगायत गुळाचे व्यापारी भेटले. ते बायकोशी कानडीत बोलत, माझ्याशी मराठीत आणि आपल्या ट्रंकेशी दोन्हींत. त्यांनी मला न विचारताच माझ्या हातावर भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा गोळा ठेवला. पुण्यात अनोळखी माणसाला आपण फार तर वर्तमानपत्र वाचायला देतो, तेही आपलं वाचून झाल्यावर. पंचगंगेचं पाणी दिसलं तेव्हा बोटं चाटत होतो. दोन्ही बाजूंना उसाचे मळे आणि मधूनच पावसानं धुतलेले हिरवे माळ. देशावरचा मुलूख इतका हिरवा असू शकतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

स्टेशनवर बापूराव आला होता. घरी जाता जाता त्यानं मला कारस्थान सांगितलं.

ते असं. महाराजांचा कुस्तीवर जीव. पेठेपेठेत तालमी, तालमीतालमीत जोड. आता बापूरावाच्या पेठेतल्या तालमीतल्या पैलवानांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. आधी एकाला, मग चौघांना, मग सगळ्यांना. दसऱ्याच्या कुस्त्या तोंडावर आलेल्या. पेठेनं विचार केला आणि छडा लावला, की इंग्रजाला कोल्हापूरच्या पैलवानांची धास्ती वाटते. म्हणून पोलिटिकल एजंटाच्या बंगल्यावरून विलायती विषाची पुडी निघाली. ती हुसेनभाई अत्तारांनी तालमीच्या तेलात मिसळली. कुस्ती खेळतात त्या हौदातल्या मातीत तेल, तांबडी काव, हळद, लिंबू, ताक घालून ती मळतात, आणि ते सगळं तीन पिढ्या अत्तारांच्या दुकानातून येतं.

"पुरावा?" मी विचारलं.

"एका मडमेनं त्यांच्या दुकानातून हिन्याचं अत्तर नेलं. आणि दुकानात नवं घड्याळ लागलंय."

"अरे, एजंटाला उद्या संस्थानाला छळायचं झालं तर कागदाचा एक चिटोरा पुरतो. तो पैलवानांना खाज कशाला लावत बसेल?"

"मलाही पटत नाही," बापूराव म्हणाला, पण इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला. मला त्याची कीव आली.

रात्री जेवायला तांबडा आणि पांढरा रस्सा होता. मास्तरांच्या घरी हे कसं, असं मी विचारलं नाही आणि बापूरावानंही आईला कळवणार का असं विचारलं नाही. पहिल्या घोटाला कानातून वाफ गेली. दुसरी वाटी मी स्वतः मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत गेलो. दारातच एक म्हैस उभी, समोर पैलवानांची रांग, आणि गवळी धार काढून ग्लास थेट हातात देतोय. दुधाला फेस, दूध कोमट. "घ्या पावणं," म्हणून माझ्याही हातात एक आला. आत शेंदरी मारुती, दिव्याचा उजेड, आणि मधोमध हौद. तांबड्या मातीला तेलाचा आणि ताकाचा आंबूस वास. तो वास मला आवडला, हे पुण्यात कुणाला पटणार नाही.

दौलत वस्ताद म्हणजे दारातून आडवं यावं लागेल असा माणूस. कान कुस्तीनं चुरमडलेले, बोलणं मोजकं. त्यांनी हाक मारली आणि माझ्यापुढं उघड्या पाठींची भिंत उभी राहिली. मी भिंग काढलं. खांदे, पाठ, गुडघे, जिथं जिथं माती घासते तिथं तिथं लाल चट्टे, त्यांवर पाण्यानं भरलेले फोड आणि मधे बारीक काळे ठिपके. खाजवलेल्या रेषांवरून ते पुढं पसरलेले. असं कातडं मी शंभरदा पाहिलंय. आपल्याकडे कपड्यांवर खुणा घालणाऱ्या धोब्यांच्या बोटांवर दिसतं.

"बिब्बा!" मी ओरडलो. "विलायती विष कसलं घेऊन बसलात? तुमच्या अंगावर बिब्बा उतलाय!"

"बिब्बा एका जागी उततो की," एक मिशाळ पंच म्हणाले. "सगळ्या पाठभर न्हाय उतत."

"मातीत कालवला तर उतेल."

मला वाटलं होतं, आता कारस्थान संपलं. मी भिंग पुसून खिशातही घातलं. पण पैलवान एकमेकांकडे बघायला लागले. मिशाळ पंच उठून उभे राहिले.

"बिब्बं पेठेत कुठं मिळत्यात?"

"अत्ताराकडं!" सगळे एका सुरात म्हणाले.

झालं! मी इंग्रजाला सोडवलं आणि हुसेनभाईंना फासावर चढवलं. जे इतके दिवस कुजबुजीत होतं ते आता दाक्तरी मोहर लागून उघड झालं. पंचांनी तिथल्या तिथं ठरवलं, अत्तारानं खंडेनवमीच्या आत दुकान आणि बिऱ्हाड पेठेतून उचलायचं. नाही उचललं तर तालीम उचलेल. मी हातवारे करून सांगत होतो की बिब्बा आहे हे मी सांगितलं, कुणी घातला हे नाही. कुणी ऐकेना. गंमत म्हणजे ज्यांनी सगळ्यांत मोठ्यानं बोलावं ते दौलत वस्ताद खाली मातीकडे बघत गप्प उभे होते.

मला राग आला होता, पंचांचा आणि त्याहून माझ्या जिभेचा. संध्याकाळी मी एकटाच अत्तारांच्या दुकानात गेलो. दुकानाची अर्धी फळी लावलेली. आत हुसेनभाई, पांढरी दाढी, स्वच्छ सदरा. मागं त्यांची बायको भांडी गोणत्यात भरत होती. डोक्यावर ते कुप्रसिद्ध घड्याळ टिकटिकत होतं.

"या दाक्तर. बसा. चहा घेणार, का त्यातबी बिब्बा हाय म्हणणार?"

मी खाली मान घालून बसलो. चहा झाल्यावर विचारलं, "बिब्बे कोणाकोणाला विकलेत एवढं सांगा. बाकी मी बघतो."

"न्हाय सांगायचं."

"अहो, तुमचं दुकान जातंय!"

"जातंय की. अब्बाच्या अब्बानं मांडलेलं."  त्यांनी माझी रिकामी कपबशी उचलून ठेवली. "पर दाक्तर, बिब्बा, लिंबू, काळी बाहुली, ह्यो उताऱ्याचा माल. दिष्ट काढायला, नजर उतरवायला नेत्यात. गिऱ्हाईक आलं तर कशाला म्हणून इचारायचं न्हाय, आणि गेल्यावर कुणाला बोलायचं न्हाय. बोललं की उतारा फुकट जातो, असं मानत्यात. हिंदू येत्यात, आमच्यातली येत्यात. माझा इस्वास असो नसो, त्यांचा हाय न्हवं? त्या भरवशावर ती माझ्या दारात येत्यात."

मला हे हट्टाचं वाटलं. तसं बोलूनही दाखवलं. ते फक्त हसले आणि ज्या बुधल्यातून तालमीला तेल जातं त्यातलं तेल आणि डब्यातली काव माझ्यासमोर ठेवली. "ह्यात काय असंल तर शोधा. हे तुमचं काम."

ते मात्र खरोखरच माझं काम होतं. मी डाव्या हाताला दुकानातलं तेल आणि काव चोळली, वरून फडकं बांधलं. तालमीतून आणलेली हौदाची माती उजव्या हाताला चोळली, वरून फडकं बांधलं. विष तेलात असेल तर डावा हात बोलेल. कातडं खोटं बोलत नाही, आणि त्याला पंचांची भीतीही नसते. अत्तारांची बायको आतून बघत होती. ती म्हणाली, "ह्ये शानं हाय का येडं?" हुसेनभाई म्हणाले, "पुण्याचं हाय."

गडमुडशिंगीला मी दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं गेलो. पुरळ पहिल्यांदा ज्याला उठलं तो गणपत पैलवान तिथं आपल्या आत्तीच्या घरी पडून होता. रस्ता म्हणजे चिखल आणि गाडीवानाचं गाणं. अर्ध्या वाटेत चाक खड्ड्यात गेलं आणि मी उसात. तोंडात माती, कोटाला चिखल, आणि गाडीवान शांतपणे म्हणतो, "लागलं न्हाय न्हवं? मग ऊस मोडू नका." त्याच वेळी माझा उजवा हात खाजायला लागला. मला इतका आनंद झाला की मी तिथंच हसलो. गाडीवान मग उरलेली वाट माझ्यापासून जरा लांब बसला.

गणपतला बघितलं आणि उलगडा व्हायला लागला. त्याला बिब्बा उतलाच नव्हता. मांडीवर नायटा होता, गोल, कडा उठलेल्या, साधा पावसाळी नायटा. ओला लंगोट वाळत नाही म्हणून होतो, आणि दहा पैलवानांत दोघांना असतोच.

"मला त्या अत्तारानं इख घातलं," गणपत म्हणाला.

"तुला तुझ्या लंगोटानं इख घातलं. तो उन्हात वाळव," मी म्हटलं आणि मलम दिलं. म्हणजे रोग दोन होते. पहिल्याला नायटा, बाकीच्यांना बिब्बा. पहिला नायटा झाला तेव्हा मातीत बिब्बा नव्हताच. तो नंतर आला. कशामुळं?

आत्तीनं परसात पाट मांडला. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, पिठलं, आणि वर तेलाची धार. खर्ड्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती समाधानानं बघत होती. समोर म्हशीपाशी नुकतं जन्मलेलं रेडकू उभं होतं. म्हशीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात मिरची, लिंबू आणि काळाभोर बिब्बा ओवलेला.

"हे कशाला, आत्ती?"

"रेडकू झालंय न्हवं. गावाची नजर लय वाईट."

"आणि गणपतचं पुरळ? त्याची दृष्ट काढली का?"

आत्तीनं पटकन तोंडावर पदर घेतला. "आसलं इचारू नये पावणं. केलं आसंल न्हाईतर नसंल. बोलायचं नसतंया."

माझा घास हातात राहिला. तीच गोष्ट. इचारायचं न्हाय, बोलायचं न्हाय. गणपतला नायटा झाला, लोकांना वाटलं नजर लागली, करणी झाली. मग कोल्हापूरचा माणूस अशा वेळी काय करतो? आत्तीला मी पानावरच नमस्कार घातला आणि अर्धी भाकरी हातात घेऊन गाडीकडे पळालो.

दुसरी सकाळ अष्टमीची. मी बापूरावाकरवी पंच, वस्ताद, पैलवान आणि हुसेनभाई सगळ्यांना तालमीत बोलावलं. हुसेनभाई उंबऱ्याबाहेर चपला काढून तिथंच थांबले. आत या असं कुणी म्हणालं नाही.

मी दोन्ही हात पुढं केले आणि फडकी सोडली. डाव्या हातावर तेलाची चकाकी आणि कावेचा तांबडा रंग, कातडं लखलखीत. उजवा हात सुजलेला, फोडांनी भरलेला. पैलवान पुढं वाकून बघायला लागले. ज्यांच्या पाठीवर तेच होतं त्यांना ओळखायला वेळ लागला नाही.

"डाव्या हाताला अत्तारांचं तेल आणि काव. उजव्या हाताला तुमची माती. आता सांगा, विष कुठून आलं?"

मिशाळ पंच माझा डावा हात धरून वास घेत होते. "मग मातीत कुणी घातलं?"

"माती चाळा, म्हणजे कळेल."

हात तेलात बुडवून आणि फडकी गुंडाळून चौघे पैलवान हौदात उतरले. फावड्यानं माती उपसायची, मोठ्या चाळणीत घालायची. पहिल्याच चाळणीत काळी, फावड्यानं मधोमध चिरलेली एक बी टण्णकन वाजली. बिब्बा. पैलवान रोज पहाटे व्यायाम म्हणून हौद खणतात, माती खालची वर करतात. पुरलेला बिब्बा फावड्याखाली चिरतो, त्याचा चीक तेलकट मातीत मुरतो, आणि मग त्याच मातीत जोर मारायचे.

 मग दौलत वस्ताद पुढं आले. तो अवाढव्य माणूस एकदम लहान दिसायला लागला.

"ह्यो माझा हाय," ते म्हणाले. "गणपतला झालं तवा पुरला. हातभर खोल. पोरांस्नी नजर लागू नये म्हणून. बोलायचं नसतं म्हणून बोललो न्हाय. फावडं तितकं खोल जाईल असं वाटलं न्हवतं." आणि मग उंबऱ्याकडे बघून, "माझ्यापायी तुमच्यावर आळ आला आन् मी गप ऱ्हायलो. त्वांड दाखवायची लाज वाटती."

तेवढ्यात चाळणीत दुसरा वाजला. वस्ताद दचकले. "ह्यो माझा न्हाय."

"ह्यो माझा," भाकरी करणारा आचारी कोपऱ्यातून म्हणाला.

तिसरा वाजला. एका पैलवानानं मान खाली घातली. त्याच्या मावशीनं दिला होता. चौथा दुसऱ्याच्या बायकोचा. पुढं तर चाळणी खडखडायलाच लागली. ज्याला पुरळ उठे त्याच्या घरचं कुणीतरी गुपचूप येऊन एक बिब्बा पुरून जाई. बिब्ब्यानं पुरळ वाढे, पुरळ वाढलं की बिब्बे वाढत. कुणाचं कुणाला माहीत नाही, कारण बोलायचं नाही! विलायती विषापासून वाचायला अख्ख्या पेठेनं आपल्याच हौदात विष पेरलं होतं. एक भलामोठा बिब्बा निघाला तेव्हा मिशाळ पंच खाकरले आणि मिशीआडून म्हणाले, "त्यो र्‍हाऊ द्या बाजूला. माझा हाय." तालीम हसून हसून दणाणली.

आणि शेवटी एक निघाला तो कागदात नीट गुंडाळून, वर दोरा बांधून. इतक्या टापटिपीनं बिब्बा पुरणारा माणूस पेठेत एकच. मी बापूरावाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"बी.ए.!" मी म्हटलं.

"खबरदारी म्हणून," तो पुटपुटला.

मी मग मोठ्यानं विचारलं, "हे सगळे बिब्बे आले कुठून?" सगळ्यांना ठाऊक होतं. हुसेनभाईंना पहिल्यापासून माहीत होतं की पेठेतलं कोण कोण बिब्बे घेऊन गेलं. एक नाव घेतलं असतं तर आळ दुसऱ्यावर ढकलता आला असता. घरातली भांडी गोणत्यात गेली तरी त्यांनी ते घेतलं नाही. दोन दिवसांपूर्वी मी याला हट्ट म्हटलं होतं. आता हे मी सगळ्यांपुढं सांगितलं.

वस्तादांनी डोक्यावरचा फेटा सोडला. फेटा घेऊन ते माझ्या दिशेनं येऊ लागले. मी आपला विनयानं मान वाकवून उभा. ते माझ्या बाजूनं गेले, उंबरा ओलांडला, आणि हुसेनभाईंना हाताला धरून आत आणलं. मारुतीसमोर उभं करून आपल्या हातांनी त्यांच्या डोक्याला तो फेटा बांधला. त्या जाड बोटांना फेटा नीट बांधता येईना, डोळ्यांत पाणी होतं. मीही मान सरळ करून टाळ्या वाजवल्या. उजवा हात आग आग होत होता, तरी वाजवल्या.

हुसेनभाईंनी फेटा चाचपला. मग रिकाम्या हौदाकडे बघत म्हणाले, "माती नवी भराया पायजे की आता. कुणाला तरी धाडा दुकानावर, तेल काढून ठेवतो. दसऱ्याला वेळ किती ऱ्हायलाय?"

दुपारी गोणत्यातली भांडी पुन्हा फळीवर लागली, आणि ती लावायला चार पैलवान होते. खंडेनवमीला तालमीत मुद्गलांबरोबर माझं भिंगही पूजेला मांडलं होतं. दसऱ्याला हत्ती पाहिले, घोडे पाहिले, महाराजांची स्वारी लांबून पाहिली. पण मला आठवते ती कुस्ती. पाठीवर खपल्या असलेल्या आमच्या पैलवानानं जोडीदाराला चीतपट केलं तेव्हा मी बाकावर उभा राहून असा ओरडलो की बापूरावानं कोट ओढून मला खाली बसवलं.

निघायच्या दिवशी बापूरावाला शाळा होती, म्हणून मी टांगा केला. टांगेवाला बोलका होता. पेठेच्या तोंडाशी आल्यावर चाबकानं दुकान दाखवत म्हणाला, "पावणं, त्ये अत्तारभाईंचं दुकान. ऐकलं न्हाय व्हय तुमी? एजंट सायबानं माणसं धाडून तालमीच्या हौदात बिब्बं पुरलं. वस्तादास्नी कळंना, पंचास्नी कळंना. आमच्या अत्तारभाईंनी मातीचा नुस्ता वास घेतला आन् सांगितलं, बिब्बा! खानदानी माणूस. सगळी पेठ आता तेल त्यांच्याकडनंच घेतीया."

एजंटाचं आणि वासाचं यातलं अक्षरही खरं नव्हतं. माझं रक्त उसळलं. दुकानासमोर गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि फेटा बांधलेले हुसेनभाई कुणाला तरी तेल मापून देत होते.

"आणि पुण्याचा कुणी दाक्तर आला होता ना?" मी विचारलं.

"दाक्तर?" त्यानं डोकं खाजवलं. "व्हय की, आलता एक. त्येच्याच हातावर उतलं हुतं म्हणं. लय आरडत हुता. अत्तारभाईंनीच बरा केला त्येला."

एवढं मात्र खरं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ हुसेनभाईंनी ओलं खोबरं आणि तीळ वाटून माझ्या हाताला लावलं होतं, आणि आग त्यानंच थांबली होती. मी बाही जरा खाली ओढली.

"हो," मी म्हटलं, "चांगला गुण आला म्हणतात."